दिलें किती, आणि झालें काय?

दिवाळी जवळ आली म्हणजे ठाणें, कल्याण व डोंबिवली या गांवांतून देणग्यांच्या विनंतिपत्रांचा हंगाम सुरू होतो. कोठें जुने कपडे जमतात, कोठें फराळाचीं पुडकीं बांधलीं जातात, आणि एखाद्या रविवारीं मंडळाची मोटार शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांतील पाड्याकडे निघते. ही चाल आम्हांस प्रिय आहे. तरीपण गेल्या सालीं आम्हीं जें पाहिलें, तें वाचकांपुढें मांडल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका भगिनीमंडळानें दिवाळीच्या सुमारास मुरबाडकडील एका कातकरी पाड्यावर मुलांना दप्तरें व वह्या वांटल्या. वार्षिक वृत्तांतांत दप्तरांचा आंकडा छापला गेला, छायाचित्रहि आलें. त्या वर्गणींत आमचाहि वांटा होता. पुढें फाल्गुनांत आम्ही त्याच पाड्यावर गेलों, तों निम्म्याहून अधिक झोंपड्या बंद. एका वृद्ध बाईनें आपल्या खोपटांतील खुंटीवर टांगलेलीं दोन दप्तरें दाखविलीं. आंतील वह्या कोऱ्या होत्या. मुलें कोठें आहेत असें विचारतां ती म्हणाली, "भट्टीवर. दिवाळी झाली का सगली जातात. पाऊस आला का येतील."

पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो, तेव्हां वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं दिवाळीनंतर सारें कुटुंब भट्टीवर जातें, आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत तेथेंच राहतें. आणि या भट्ट्या कोठें आहेत? भिवंडीच्या नि कल्याणच्या आसपास! ज्या मुलांसाठीं आम्हीं मोटार करून पाड्यावर दप्तरें पाठविलीं, तीं मुलें पुढील सहा-सात महिने आमच्याच वेशीजवळ, आमच्या घरांच्या विटा थापणाऱ्या आईबापांपाशीं होतीं. दप्तरांत दोष नव्हता. दिवाळी ही आमच्या सवडीची वेळ. त्यांच्या शाळेची नव्हे, एवढेंच आम्हीं विचारलें नव्हतें.

शासनाच्या मोठमोठ्या योजनांचेंहि पुष्कळदां असेंच होतें. नळ किती बसले हा आंकडा चटकन् मिळतो. वैशाखांत त्या नळांस पाणी येतें काय, हा प्रश्न निराळा. ज्या शहापूर तालुक्यांतील तानसा व भातसा मुंबईची तहान भागवितात, त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहात असतात.

मग 'झालें काय' हें कळावें कसें? याचा उत्तम धडा आपल्याच महाराष्ट्रांत, गडचिरोलींत, घालून दिलेला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें १९९५ पासून ३९ गांवांत तेथील स्त्रियांनाच नवजात अर्भकाची घरच्या घरीं शुश्रूषा करण्यास शिकविलें: वजन घेणें, ऊब देणें, श्वास कोंडल्यास उपाय करणें, जंतुदोष वेळींच ओळखून औषध देणें. त्याच वेळीं, जेथें हें काम नव्हतें अशा ४७ गांवांतील जन्ममृत्यूंचीहि नोंद ठेवली. तीन वर्षांनीं पाहतां, पहिल्या महिन्यांत दगावणाऱ्या बाळांचें प्रमाण पहिल्या गांवांत हजारीं ६२ वरून सुमारें २६ वर आलें. दुसऱ्या गांवांत तें ६० च्या आसपासच राहिलें. नुसत्या पहिल्या गांवांचा हिशेब मांडला असता, तर कोणीहि म्हणाला असता कीं, त्या सालीं पीक चांगलें आलें म्हणून मुलें वांचलीं. दुसऱ्या गांवांनीं ही शंका मिटविली. हा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून 'आशा' सेविकांकडून हें काम देशभर सुरू झालें.

उलट फळाचाहि एक दाखला देतों. स्त्रियांचीं मंडळें भरवून गर्भारपण व बाळंतपण यांविषयीं चर्चा घडविण्याच्या उपायानें झारखंड व ओडिशा येथील खेड्यांत अर्भकांचे मृत्यु बरेच घटले होते. 'स्नेहा' या संस्थेनें तोच उपाय मुंबईच्या ४८ गरीब वस्त्यांपैकीं निम्म्यांत करून पाहिला. दोन्ही प्रकारच्या वस्त्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. हें संबंधित संशोधकांनीं २०१२ सालीं उघडपणें छापलें. एके ठिकाणचें औषध दुसऱ्या ठिकाणीं लागू पडेलच असें नाहीं, हें तर यावरून कळतेंच. पण आपलें काम फसलें हें स्वतः सांगण्यास जो प्रांजळपणा लागतो, त्याची किंमत आम्ही कोणत्याहि देणगीहून अधिक समजतों.

या परीक्षापद्धतीचा पुरस्कार केल्याबद्दल अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो व मायकेल क्रेमर यांस २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा व मातुल घराणें पाटणकरांचें, हें वाचून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. मुंबई व बडोदें येथील शाळांत मागें पडलेल्या मुलांना 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' शिकवीत. त्या कामाची परीक्षा त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली. बालसखी लाभलेलीं मुलें पुढें सरकलीं असें आढळलें. आणि ती गेल्यावर वर्षभरांत त्या लाभाचा बराच भाग ओसरला, हेंहि त्यांनीं नमूद केलें.

कोणी म्हणेल, दान देऊन हिशेब मागणें हें आपल्या संस्कृतीस शोभत नाहीं. परंतु हा हिशेब घेणाऱ्याचा नव्हे, देणाऱ्याचा आहे. देश, काल व पात्र पाहून दान करावें, असें आपले पूर्वज सांगत आले. आम्हीं पात्र पाहिलें, काल पाहिला नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोजतां येतें तेवढेंच मोजलें जातें, आणि मूळ दुखणें बाजूस राहतें. उचलीचा फास कोणत्या दप्तरानें सुटणार? हें आम्हांस मान्य आहे. मात्र दप्तर खुंटीवर कां राहिलें हें शोधूं लागलों, तेव्हांच ती उचल आमच्या दृष्टीस पडली.

यासाठीं मोठी विद्वत्ताच हवी असेंहि नाहीं. जुन्या ठाणें जिल्ह्यांत, आतां पालघरमध्यें मोडणाऱ्या बोर्डी व कोसबाड येथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं काम केलें. आदिवासी मुलें बालवाडीकडे येईनात, तेव्हां मुलांस नांवें न ठेवतां त्यांनीं बालवाडीच पाड्यावरच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत शाळा भरविली. पुढें वीटभट्ट्यांवर 'विधायक संसदे'नें चालविलेल्या भोंगाशाळा याच वाटेवरच्या.

तेव्हां यंदा विनंतिपत्र हातीं आलें म्हणजे वाचकभगिनींनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. ही वस्तु हवी असें कोणीं सांगितलें? मागील सालच्या वस्तूंचें पुढें काय झालें, हें कोणी जाऊन पाहिलें काय? आणि ज्या शेजारच्या पाड्यास कांहींच दिलें नाहीं, त्याची स्थिति आज कशी आहे? प्रश्न विचारले म्हणून हात आंखडता घ्यावा, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

उपरोक्त मंडळानें यंदा मोटार न काढण्याचें ठरविलें आहे. त्याऐवजीं चौघीजणी पाड्यावरील शाळेंतून मुलांचीं शिक्षण हमी पत्रकें घेऊन, भट्टीजवळच्या शाळेंत तीं मुलें दाखल करून देणार आहेत. त्याच भागांतील दुसऱ्या एका पाड्याचीहि हजेरी त्या टिपून ठेवतील. छायाचित्र मिळणार नाहीं म्हणून कांहीं सभासद रुष्ट आहेत, हेंहि खरें. मुलें किती टिकलीं, तें आम्ही येत्या ज्येष्ठांत पाहूं. आणि फळ वाईट आलें, तरी याच पानावर छापूं.