साचा कोणाच्या हाती? : लहान आगगाड्यांच्या धंद्यातील एक मोठी गोष्ट

(धागा)

१/ इंग्लंडची ‘हॉर्नबी’ ही आगगाड्यांच्या प्रतिकृती बनवणारी विख्यात कंपनी. १९२० पासूनची अखंड परंपरा असा तिचा लौकिक आहे. माझ्या मते ही परंपरा नावाची आहे, कारखान्याची नाही. कारखाने कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले हे पाहिले, की याच धंद्याचा इतिहास निराळा दिसू लागतो. आणि वऱ्हाडातील वाचकाला तो मुळीच परका वाटणार नाही.

२/ आधी धंद्याचे स्वरूप. या प्रतिकृती म्हणजे जत्रेतील झुकझुक गाडी नव्हे. ब्रिटनमध्ये रूढ असलेले प्रमाण १:७६, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या शहात्तरपट लहान आणि विजेवर धावणारे इंजिन. त्यात पुष्कळ सुटे भाग असतात आणि ते घडवायला पोलादी साचे लागतात. साचा करणे अतिशय खर्चिक. पण एकदा तो झाला की दशकानुदशके त्यातून माल निघतो. या धंद्याचे खरे भांडवल साच्यांत असते.

३/ पहिला प्रसंग, १९६४. फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीचा कारखाना लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर होता. १९३८ मध्ये तिथून ‘हॉर्नबी डब्लो’ ही धातूच्या ओतीव इंजिनांची मालिका निघाली. युद्धानंतर तिच्यासमोर लाइन्स ब्रदर्स समूहाची ‘ट्रायँग’ उभी राहिली. ट्रायँगच्या गाड्या प्लास्टिकच्या आणि स्वस्त. त्या मार्गेट येथे तयार होत. १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्सने मेकॅनो कंपनीच विकत घेतली.

४/ पुढे काय झाले? डब्लोचे उत्पादन थांबले. तिचे अनेक साचे रेन नावाच्या छोट्या कंपनीकडे गेले. मार्गेटच्या गाड्या ‘ट्रायँग हॉर्नबी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्सचे दिवाळे निघाले, ट्रायँग हे नाव मागे पडले आणि ‘हॉर्नबी’ तेवढे उरले. म्हणजे आजची हॉर्नबी कुळाने ट्रायँगची आहे. जेत्याने पराभूताचे नाव धारण केले आणि आपण त्यालाच परंपरा म्हणू लागलो.

५/ दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. १९७६ पासून पॅलिटॉय ही ब्रिटिश खेळणी कंपनी ‘मेनलाइन’ नावाने प्रतिकृती विकत असे. त्या बनत मात्र हाँगकाँगच्या केडर कंपनीत. १९८० च्या दशकात पॅलिटॉयने या व्यवसायातून अंग काढून घेतले. शिल्लक माल डॅपोल या कंपनीने उचलला. पण महत्त्वाचे साचे केडरकडेच राहिले.

६/ केडरने १९८७ मध्ये अमेरिकेतील बाकमन ही जुनी कंपनी घेतली. मग तिच्या नावाने ब्रिटनमध्ये शाखा काढून, हाताशी असलेल्या त्या साच्यांच्या बळावर ती थेट हॉर्नबीसमोर उभी ठाकली. कालपर्यंत दुसऱ्याचा माल घडवणारा कारागीर आज स्वतः दुकानदार झाला. साचे हाती नसते, तर हे पाऊल इतक्या लवकर पडलेच नसते.

७/ तिसरा प्रसंग माझ्या मुद्द्याचा गाभा आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉर्नबीने मार्गेटमधील उत्पादन टप्प्याटप्प्याने चीनला हलवले. बहुतांश काम सांडा कान या एकाच कंत्राटी उत्पादकाकडे गेले. मजुरी स्वस्त, काम सुबक. अमेरिकेतील ॲटलस आणि लाइफ-लाइक यांच्याही गाड्या तिथेच बनत. बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्या एकाच छपराखाली घडत होत्या.

८/ २००८-०९ च्या मंदीत सांडा कान आर्थिक अडचणीत आली आणि केडरने ती ताब्यात घेतली. केडर म्हणजे बाकमनची मालक. एका रात्रीत हॉर्नबीचा मुख्य पुरवठादार तिच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याच्या घरचा झाला! केडरने बाहेरच्या ग्राहकांची संख्याही कमी केली. काही छोट्या कंपन्यांना नवा कारखाना शोधण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

९/ अशा वेळी प्रतिस्पर्धी दर वाढवील, अशी भीती आपल्याला आधी वाटते. खरा घाव दरात नसतो, तो रांगेत असतो. कोणाचे इंजिन आधी, कोणाचे नंतर, हे कारखाना ठरवतो. नाताळात विकायचा माल फेब्रुवारीत मिळाला, तर तो ठरल्या दरात मिळूनही काय उपयोग? यासाठी कोणाच्या मनात कपट असावे लागते असेही नाही. घरचे काम आधी करणे हा मालकाचा सहज स्वभाव आहे.

१०/ मग साचे उचलून दुसरीकडे का न्यायचे नाहीत? नेता येतात, पण साचा त्या कारखान्यातील यंत्रांशी आणि कामगारांच्या हाताशी जुळलेला असतो. कोणता भाग कुठे अडतो, कोणता रंग कधी पसरतो, हे ज्ञान कागदावर नसते. ते नव्या जागी पुन्हा कमवावे लागते. २०१२ मध्ये हॉर्नबीला पुरवठा विस्कळीत झाल्यामुळे नफा घटणार असे जाहीर करावे लागले. त्यानंतर तिने आपले काम अनेक कारखान्यांत विभागले.

११/ केडरला खलनायक ठरवणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. सांडा कान कोणीच घेतली नसती आणि तिला टाळे लागले असते, तर सगळ्यांचेच साचे अडकले असते. शिवाय मार्गेटचा कारखाना बंद करून सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवण्याचा निर्णय हॉर्नबीचाच होता. विक्रेत्याने हात गमावले, तेव्हाच स्पर्धेचा निम्मा निकाल लागला होता. हस्तांतराने तो फक्त उघड केला.

१२/ यवतमाळात बसून याचा विचार कशाला? कारण ही रीत आपल्याकडे जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडातील जिनिंग-प्रेसिंगचे मालक ‘पूल’ करत. म्हणजे हंगामापूर्वी एकत्र बसून दर ठरवायचा आणि नफा वाटून घ्यायचा. काही जिनिंग बंद ठेवूनही त्यांच्या मालकांना हिस्सा मिळे. सरकी काढणे आणि गाठी बांधणे ज्याच्या हाती, त्याच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग. मग कापूस कोणाचाही असो.

१३/ आणि आपली शकुंतला? यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंद मार्ग किलिक निक्सन या व्यवस्थापक पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने कापसासाठी बांधला. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हा मार्ग त्यातून सुटला. रूळ खासगी कंपनीचे, गाडी मध्य रेल्वेची. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत इथे धावले. आपण त्याचे कौतुक करतो. पण मार्गाची सुधारणा कोणी करायची, हा प्रश्न मालक आणि चालक यांच्यामध्ये लोंबकळत राहिला.

१४/ लहान गाडी असो वा खरी, प्रश्न एकच आहे : ज्याचे नाव पाटीवर आहे, त्याच्या ताब्यात नेमके काय आहे? आपले औद्योगिक इतिहासलेखन पाट्यांवर फार विसंबते. संस्थापकाचे चरित्र, स्थापनेचे वर्ष, सुवर्णमहोत्सव. यंत्रे कोणी विकत घेतली, साचे कुठे गेले, कसबी कामगारांचे काय झाले, हे तळटीपेतही येत नाही. ज्या ठिकाणी स्पर्धा खरोखर जिंकली वा हरली गेली, तेच ठिकाण आपण वाचायचे सोडून देतो.

१५/ म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना एक विनंती. आपल्या तालुक्यातील बंद पडलेल्या जिनिंगचा, गिरणीचा वा छापखान्याचा इतिहास लिहायला घ्याल, तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणी सुरू केला?’ हा न ठेवता ‘यंत्र शेवटी कोणी नेले?’ हा ठेवा. जुनी खरेदीखते, लिलावाच्या जाहिराती, निवृत्त फिटरच्या आठवणी, यांत उत्तर सापडेल. हे साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत. भंगारात गेलेल्या यंत्रासोबत त्याची कहाणीही वितळते.

(समाप्त. आपल्या गावातील अशा हस्तांतराची माहिती असेल, तर खाली अवश्य लिहा.)