हाताची घडी, तोंडावर बोट

दोस्तांनो, शाळाशाळांतून नाटकाचे वर्ग निघालेत. चांगली गोष्ट. आठवी-नववीच्या पोरांना तिथं 'नॉन-व्हर्बल कम्युनिकेशन' शिकवतात. म्हंजे शब्दाविना बोलणं. भिंतीवर तक्ता लागतो : हाताची घडी, तर मन बंद. नजर खाली, तर आत्मविश्वास नाही, नाहीतर खोटारडा. खांदे पडलेले, तर दुबळा. पोरं पाठ करतात. सर मार्क देतात.

आता मला सांगा, ही घडी घालायला शिकवलं कुणी? पहिलीत पाऊल टाकल्या टाकल्या 'हाताची घडी, तोंडावर बोट' हा हुकूम कुणी दिला? शाळेनंच. आठ वर्षं पोराचं शरीर दावणीला बांधायचं आणि नववीत त्याच शरीराकडं बोट दाखवून म्हणायचं, तुझं मन बंद आहे. वा रे शिक्षण!

ह्या तक्त्यामागं एक आकडा फिरतो. म्हणे माणूस ९३ टक्के शब्दाविनाच बोलतो. आकडा आला अल्बर्ट मेहराबियन ह्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून. शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५. पण ते प्रयोग होते सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो घेऊन समोरच्याची आवड-नावड ताडण्याचे. सगळ्या बोलण्याला हे लागू नाही, हे खुद्द मेहराबियननंच सांगितलंय. तक्तेवाल्यांना त्याचं काय! ९३ टक्के शब्द फुकट ठरवले, की ज्यांची भाषा 'अशुद्ध' त्यांचं तोंड बंद करायला बरं पडतं.

कारण वर्गात होतं काय? नाटक बसतं. छापील मराठी बोलणारी पोरं राजा होतात, वकील होतात, डॉक्टर होतात. ज्याच्या तोंडी 'ण'चा 'न' होतो, तो वस्तीतला पोरगा पहारेकरी होतो, गडी होतो, झाड होतो. वर त्याला सांगतात, तुझा मूकाभिनय फार छान!

सर संस्कृतवाले असले तर नाट्यशास्त्र काढतात. त्यात डोक्याच्या १३ हालचाली, ३६ नजरा. मोजणी बारीक आहे, नाकारत नाही. पण त्याच ग्रंथाच्या शेवटाला भरताच्या पोरांना शूद्र होण्याचा शाप आहे, तो वर्गात कोण वाचतो? आणि त्या ३६ नजरांत, विटाळ नको म्हणून वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेणाऱ्या माणसाची नजर कुठली, ते मला एकदा दाखवाच.

आपल्या आज्यापणज्याची नजर खाली का होती? वर केली तर पाठीत काठी बसायची म्हणून. जोहार घालताना वाकलेली कंबर म्हंजे गावाचा कायदा होता, त्याला स्वभाव म्हणता? शरीर ही पाटी आहे. तिच्यावर हुकूम कुणी लिहिला हे न विचारता नुसती अक्षरं वाचणारा मास्तर हा त्या लिहिणाऱ्याचाच कारकून.

मी गोदीत काम करतो. क्रेनच्या आवाजात तिथं शब्द चालत नाहीत. सिग्नल देणारा हात वर करून बोट गोल फिरवतो, माल वर जातो. हात खाली करून बोट फिरवतो, माल उतरतो. त्या बोटाचा अर्थ आधी ठरलेला असतो आणि सगळ्यांना सारखा लागू असतो. बोट चुकलं तर खालचा माणूस चेंगरतो. आणि नियम असा, की 'थांब'चा इशारा कुणीही केला, मुकादमानं केला की नव्या पोरानं, क्रेनवाल्यानं थांबायचंच.

२० मार्च १९२७. महाड. बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. मागून हजारोंनी ओंजळ भरली. त्या ओंजळीला संवाद लागला नाही. पण आधी परिषदेत भाषणं झाली होती, आणि पुढं १९३७ पर्यंत कोर्टात लढावं लागलं. हात आणि तोंड, दोन्ही आपले लागतात. १९२० ला पत्राचं नाव 'मूकनायक' ठेवलं ते मुक्यानं बोलावं म्हणून. मुकेपणाला टाळ्या मिळाव्यात म्हणून नव्हे.

शिकवायचंच तर ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलकडून शिका. लष्करी राजवटीनं १९७१ ला त्याला पकडलं, छळलं. देश सोडावा लागला. १९७३ ला पेरूच्या साक्षरता मोहिमेत, जिथं लोकांच्या मातृभाषा वेगवेगळ्या, तिथं त्यानं लोकांना एकमेकांच्या शरीरांचे पुतळे करायला लावले. आधी आहे तो जुलूम दाखवा. मग हवं ते जग दाखवा. मग ह्यातून त्यात जायचं कसं, ते एकेक हालचाल करून दाखवा.

आपल्या वर्गांत हे होऊ द्या. विषय पाहिजेत? शाळेतला माठ. रेशनची रांग. भाड्यानं खोली मागायला गेलेला बाप आणि दारात आडनाव विचारणारा मालक. पुतळे उभे करा आणि विचारा : मान कुणाची खाली? कुणापुढं? तोच माणूस स्वतःच्या घरात कसा उभा राहतो? आता एकच शरीर बदला. बाकीच्यांची कशी चुळबुळ होते बघा. मालकाचं काम वस्तीतल्या पोराला द्या, बापाचं काम फ्लॅटमधल्या पोराला. त्याची मान किती वेळ खाली टिकते बघू! आणि मग दोघांनाही बोलू द्या. ज्याच्या त्याच्या बोलीत, न-ण न काढता.

दोस्तांनो, तुमच्या भागातल्या शाळेत जा. तो तक्ता भिंतीवरून उतरवायला लावा. आणि पोरांना पहिला इशारा गोदीतला शिकवा : दोन्ही हात आडवे, तळवे खाली. थांब! हे कुणीही करू शकतो. समोरच्यानं थांबायचंच.