किनाऱ्याचा हजेरीपट

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी असतात, सत्कार असतात, निकालांचे आलेख आणि छायाचित्रे असतात. त्यांच्या सोबतीला एक पान मी आपल्या किनाऱ्यासाठी मागत आहे. शाळेत हजेरीपट काटेकोरपणे ठेवला जातो. कोण गैरहजर आहे हे पहिल्याच तासाला कळते, आणि मूल चार दिवस आले नाही तर त्याच्या घरी निरोप जातो. चिंचणीच्या वाळूवरून, तारापूरच्या बाजूच्या खाडीतून, उत्तरेकडच्या खडकाळ पट्ट्यातून कोणती वनस्पती कधीपासून गैरहजर आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. उद्या कोणी विचारलेच, तर उघडून दाखवावी अशी वहीही बहुतेकांपाशी नाही. या उणिवेची किंमत येत्या काही वर्षांत आपल्याला मोजावी लागेल, असे माझे मत आहे.

आपल्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या थोडे वर, वाळूवर पसरणारी एक वेल आढळते. तिची पाने आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली आणि फुले जांभळट गुलाबी असतात. मराठीत तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती सुरू होते, हे ओळखून कोणा पूर्वजाने हे नाव दिले असावे. तिच्या पेरापेरांतून मुळे फुटतात व ती मोकळी वाळू धरून ठेवतात. तिच्याच शेजारी रावणाच्या मिशा नावाचे टोकदार गवत वाढते. त्याचे काटेरी गोळे वाऱ्याबरोबर वाळूवर घरंगळत जातात आणि बी पसरवतात. खाडीकडे वळले की तिवर, चिपी, कांदळ, काजळा, मारांडी व हुरा ही खारफुटीची मंडळी भेटतात. तिवराची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात आणि पानांवर मिठाचे कण साचतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे खाली लोंबते. या झाडांच्या मुळांच्या जाळीत कोळंबीची व माशांची पिल्ले वाढतात. म्हणून खारफुटी आणि मच्छीमारांची चूल यांचा संबंध अगदी थेट आहे.

यांतील बहुतेक झाडे जगाच्या दृष्टीने दुर्मीळ नाहीत. परंतु झाड सर्वत्र आढळत असले, तरी त्याचा अधिवास एखाद्या गावातून कायमचा जाऊ शकतो. वाळूची टेकडी सपाट केली की मर्यादवेल जाते; भरतीचे पाणी बांध घालून अडवले की तिवर उभ्या उभ्या वाळतो. त्यावर आपण जो उपाय करतो तो वृक्षारोपणाचा. या कार्यक्रमामागील सद्भावनेविषयी मला शंका नाही. पण किनाऱ्यावर लावलेल्या सुरूचेच उदाहरण पाहा. सुरू मूळचा या किनाऱ्याचा नव्हे. त्याची सावली व त्याच्या सुयांचा दाट थर यांखाली वाळूवरच्या मूळ वनस्पतींना फारसे रुजता येत नाही. दुरून किनारा हिरवा दिसतो, आणि त्या हिरवाईखालीच मर्यादवेलीची जागा गेलेली असते. किती झाडे लावली हा आकडा वृत्तान्तात छापून येतो. कोणती झाडे होती व आता नाहीत, याचा आकडा कोठेच छापला जात नाही.

आपला तालुका या बाबतीत भाग्यवान म्हटला पाहिजे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला आणि उद्योगांसाठीच्या जमिनीवर मर्यादा घातली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले व न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद भूषविले. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवण येथील बंदराला नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये राज्यातील खारफुटीच्या तोडीला प्रतिबंध करणारे आदेश दिले. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि २०२० मध्ये पांढरी चिपी राज्याचे कांदळवृक्ष म्हणून घोषित झाली.

एवढे कायद्याचे छत्र असूनही काळ बदलला. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने अटी घालून वाढवण बंदराला परवानगी दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून अधिक लांबीची लाटारोधक भिंत, असे त्याचे स्वरूप सांगितले गेले आहे. हे सारे चिंचणीहून उत्तरेस, वरोरच्या पलीकडे, म्हणजे आपल्या उंबरठ्यावर घडणार आहे.

बंदर हवे की नको, याबद्दल गावागावांत, किंबहुना एकाच घरात मतभेद आहेत. ज्याच्या घरी शिकलेला मुलगा नोकरीविना बसला आहे त्याला रोजगाराचे आश्वासन मोलाचे वाटते; ज्याची होडी त्याच पाण्यावर चालते त्याला ते पोकळ वाटते. दोघांपैकी कोणालाही मी अडाणी म्हणणार नाही. माझे म्हणणे त्या वादाच्या आधीचे आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर काय काय वाढते, कोणत्या महिन्यात कोठे कालवे मिळतात, खाडीच्या कोणत्या वळणावर काजळा फुलतो, याची आजची नोंद नसेल, तर उद्या काय गेले हे कोण सिद्ध करणार? नुकसानभरपाई मागायची असो, घातलेल्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहायचे असो, किंवा प्रकल्पालाच विरोध करायचा असो, तिन्ही वाटांवर पुरावा लागतो. ज्याची नोंद नाही, त्याची भरपाई नाही आणि त्याचे रक्षणही नाही. खारफुटी एका वेळी दुसरीकडे लावता येईल. लाटांनी हजारो वर्षे झिजवलेला खडक दुसरीकडे लावता येत नाही. म्हणून ही नोंद तातडीची आहे.

हे काम मोठ्या शास्त्रज्ञांचे, शाळकरी मुलांना ते काय जमणार, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून हिंदी महासागरातील एका बेटाची हकिकत सांगतो. ज्या मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकापासून मराठी कुटुंबे वसली आहेत, त्याच देशाचा एक भाग म्हणजे रॉड्रिग्ज हे लहानसे बेट. तेथील ‘काफे मारों’ नावाचे, पांढऱ्या फुलांचे, कॉफीच्या कुळातील झुडूप नामशेष झाले असे जगाने मानले होते. १९८० च्या सुमारास एका शिक्षकाने आपल्या वर्गाला बेटावरच्या मूळ वनस्पतींविषयी शिकविले आणि वर्गातील एका मुलाने ते झुडूप ओळखून त्याची फांदी आणून दाखविली. साऱ्या जगात त्या जातीचे ते एकच झाड उरले होते. मग त्याभोवती कुंपणे घालावी लागली, कारण औषधी समजून लोक त्याच्या फांद्या तोडू लागले. त्याची कलमे लंडनच्या क्यू उद्यानात नेण्यात आली, एक जगले, फुलले. पण बी धरेना. बी मिळायला आणखी कित्येक वर्षे जावी लागली. अखेर त्याची रोपे आपल्या बेटावर परतली. या साऱ्या खटाटोपाची सुरुवात एका मुलाच्या ओळखीने झाली. आणि झाड एकदा एकावर आले की त्याला परत आणणे किती जिकिरीचे असते, हेही त्यातून कळते.

आपल्या पालघर जिल्ह्यातही या विचाराला प्राचीन आधार आहे. नालासोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. त्याच लेखमालिकेतील दुसऱ्या लेखात माणसांसाठी व पशूंसाठी उपयोगी औषधी वनस्पती, जेथे नसतील तेथे आणवून लावल्याचा उल्लेख आहे. त्याच्या एका स्तंभलेखात विनाकारण वने जाळू नयेत अशी आज्ञा आहे आणि अवध्य प्राण्यांची नावानिशी यादी आहे. ज्याला राखायचे त्याचे नाव दगडावर कोरावे, हे त्या राजाला कळले होते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. विद्यालयाने किनाऱ्याचा एक हजेरीपट सुरू करावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खोल जाते, तेव्हा शिक्षकांसह व किनारा जाणणाऱ्या मच्छीमार स्त्रियांसह एकेका तुकडीने ठरलेल्या चार जागी जावे. काहीही उपटू नये. वनस्पतीचे नाव, जागा, तारीख, फूल किंवा फळ आहे का, किती रोपे आहेत, एवढे लिहावे. नावाच्या रकान्यात वारली नाव, मांगेली नाव आणि पुस्तकी नाव अशी तिन्ही नावे असावीत. आपल्या वसतिगृहातील आदिवासी मुलांना पहिल्या पावसानंतर शेवळे कोठे उगवतात आणि ते खाजू नयेत म्हणून त्यांत काकडे का घालतात, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून ठाऊक असते. त्यांच्या या ज्ञानाला आजवर गुण मिळाले नाहीत. या वहीत त्यांना मानाची जागा मिळेल. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या वहीची एक प्रत दरवर्षी तेथे सादर करावी, म्हणजे मुलांचे काम सरकारी दप्तरातही उरेल.

विद्यार्थी मित्रांनो, या वहीमुळे बंदर थांबेल असे वचन मी देत नाही. तसे वचन देणे खोटेपणाचे ठरेल. परंतु दहा वर्षांनी या विद्यालयाची पुढची स्मरणिका निघेल, तेव्हा वहीतील पहिले पान उघडून कोणाला तरी सांगता आले पाहिजे, की अमुक वर्षी अमुक तिथीला मर्यादवेल येथे हजर होती, तिला इतकी फुले होती, आणि ती आम्ही स्वतः मोजली होती. ती तेव्हाही हजर असो, ही सदिच्छा. नसेल, तर तिच्या गैरहजेरीचा जाब विचारण्याचा अधिकार तुमच्या हाती असावा.