देवघेव की दुकानदारी?

महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरातील मराठी मंडळाचे परिपत्रक नुकतेच आमच्या हाती आले. कोजागिरीच्या रात्री मसाल्याच्या दुधाबरोबर हाताने केलेल्या चित्रकार्डांची अदलाबदल करण्याचा जो उपक्रम या मंडळात काही वर्षे चालला आहे, त्यास यंदा ‘व्यापक व आकर्षक स्वरूप’ देण्याचे कार्यकारिणीने ठरविले आहे. हे व्यापक स्वरूप म्हणजे काय? तर कार्डांची स्पर्धा होईल. परीक्षक नेमले जातील. पहिल्या तीन कार्डांना बक्षिसे मिळतील. उरलेली कार्डे किमतीच्या चिठ्ठ्या लावून विक्रीस मांडली जातील. आणि ज्यांना कार्डे करण्यास सवड नाही त्यांच्यासाठी तयार साहित्याच्या पिशव्या सभागृहाच्या दारातच विकत मिळतील. परिपत्रक लिहिणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. परंतु चांगल्या गोष्टी बहुधा दुष्टांच्या हातून मोडत नाहीत. त्या सुधारणा करू पाहणाऱ्या सज्जनांच्या हातून मोडतात. म्हणूनच हा विरोध आम्ही उघडपणे नोंदवीत आहोत.

ज्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. ही कार्डे अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच, म्हणजे ६४ बाय ८९ मिलिमीटर, या एकाच ठरीव मापाची असतात. घरोघरी मिळणाऱ्या ए-४ आकाराच्या एका जाड कागदातून अशी नऊ कार्डे निघतात. मापाचे बंधन पाळले की पुढे सर्व मोकळीक. जलरंग, शाई, कातरलेले कागद, कापडाचा तुकडा, दोऱ्याचे टाके, वापरलेले टपाल तिकीट, वाळलेले पान, जे हाताशी येईल ते एकत्र आणावे. पातळ खळ लावली तर कागद वाकतो, म्हणून कार्ड रात्रभर वजनाखाली ठेवावे लागते. आमच्या ओळखीच्या अनेक घरांत जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे सध्या याच कामी येतात, आणि संपादक म्हणून आम्ही त्याचा विषाद मानीत नाही. कार्डाच्या मागे करणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख असते. एकाच कल्पनेवर अनेक कार्डे केली असतील तर त्यांतील हे कितवे, तेही लिहितात.

या प्रथेचा उगमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. स्वित्झर्लंडमधील झ्यूरिक शहरी श्टिर्नेमान या कलावंताने अशी बाराशे कार्डे स्वतःच्या हाताने केली आणि १९९७ साली आपल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती मांडली. प्रदर्शन संपण्याच्या दिवशी त्याने लोकांना बोलाविले ते कार्डे विकत घेण्यास नव्हे, तर आपापली कार्डे करून आणण्यास आणि त्याच्याशी अदलाबदल करण्यास. त्याच वर्षी ही प्रथा कॅनडातील कॅलगरी शहरी पोचली आणि तेथून जगभर पसरली. तिचा नियम एकच आणि तो साधा: कार्ड विकावयाचे नाही, कार्डाला कार्ड द्यावयाचे. दुकानात बसून ज्याने दुकानदारी नाकारली, त्याच्या प्रथेला आपण सभागृहात आणून दुकान थाटावे, यातील विसंगती आमच्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात कशी येऊ नये?

घोटाळ्याचे मूळ, आम्हांला वाटते, एका शब्दात आहे. इंग्रजीत या वस्तूला ‘आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड’ म्हणतात. ‘ट्रेडिंग’ म्हटले की आमच्यातील शिकलेल्या मनुष्याला बाजारच आठवतो. पण तेथे त्या शब्दाचा अर्थ व्यापार नाही, अदलाबदल आहे. शाळेतली मुले गोट्यांची करतात तशी. पुढे परदेशांत याच मापाची कार्डे विकणारेही निघाले. परंतु त्यांनी आपल्या मालाला ‘आर्ट कार्ड्स, एडिशन्स अँड ओरिजिनल्स’ असे वेगळे नाव घेतले. विकणाऱ्यांनीदेखील जी मर्यादा ओळखली, ती न विकणाऱ्यांच्या मंडळाने पुसून टाकावी, हे नवल नव्हे काय?

केवळ नियम मोडला म्हणून आम्ही रुष्ट झालो आहोत, असे कोणी समजू नये. नियमापाठीमागे जे आहे ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी या मंडळाच्या कोजागिरीस आम्ही उपस्थित होतो. एका टेबलाशी ऐंशी वर्षांच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या आईच्या नऊवारीचा विरलेला काठ कापून त्यांनी नऊ कार्डांवर टाचला होता आणि प्रत्येकाच्या मागे, ते लुगडे कोणत्या लग्नात नेसले गेले होते, ते बारीक अक्षरात लिहिले होते. समोर दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या कार्डावर शहर-बसची तिकिटे होती आणि त्यांच्यावर शाईने काढलेली, चाके जरा वाकडी असलेली बस. दोघांची अदलाबदल झाली. मुलाने कार्ड उलटले. त्याचे शिक्षण दुसऱ्या भाषेत चाललेले. मागचा मराठी मजकूर त्याला लागेना. आजींनी तो बोट ठेवून वाचून दाखविला. मग त्यांनी मुलाचे कार्ड उलटले आणि ही कोणत्या मार्गावरची बस, असे विचारले. पंधरा मिनिटे ती दोघे एकमेकांशी मराठीत बोलत होती. मराठी टिकविण्यासाठी आपण ज्या सभा भरवितो, त्यांपैकी किती सभांत ऐंशी आणि दहा या वयांची माणसे पंधरा मिनिटे एकमेकांशी बोलतात?

गेल्या वर्षी ‘प्रयोगादाखल’ निम्म्या टेबलांवर किमती लावल्या गेल्या. आजींच्या कार्डावर कोणा उत्साही स्वयंसेवकाने दहा रुपयांची चिठ्ठी डकवली. शेजारच्या टेबलावर दुकानातून आणलेल्या सोनेरी फुलांचे एक कार्ड होते. त्याची किंमत पन्नास रुपये. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी हलकेच सोडविली, नऊही कार्डे रुमालात बांधली आणि दूध न घेता त्या घरी गेल्या. त्या मुलाने त्यांच्यासाठी त्या मार्गावरची नवी बस काढून आणली होती. ती त्याच्या खिशातच राहिली. दहा रुपये ही रक्कम कमी होती म्हणून हे घडले, असे ज्यांना वाटते आणि जे यंदा ‘किमान किंमत’ ठरवू पाहतात, त्यांना आमचे म्हणणे कळलेच नाही. शंभर रुपये लावले असते तरी तेच घडले असते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे पाहू. पहिला आक्षेप असा की, कलेला दाम मिळू नये असे म्हणणे हे कलावंताला उपाशी ठेवणे होय. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. सावंतवाडीच्या गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफांच्या एका डावात १२० गोल पत्ते असतात. प्रत्येक पत्ता हाताने रंगविलेला आणि वर लाखेचे रोगण दिलेला. ही कला विसाव्या शतकात विझण्याच्या बेतात असता शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात तिला आश्रय दिला आणि ती तगली. त्या कारागिराचे पोट त्या पत्त्यावर आहे. त्याच्याशी घासाघीस करणारा मनुष्य आमच्या दृष्टीने अपराधी आहे. त्याला पुरा दाम द्या आणि रोख द्या. परंतु हा न्याय कोजागिरीच्या टेबलाला कसा लागू पडतो? तेथे बसलेला कोणीही पोटासाठी बसलेला नाही. उलट, हौशी माणसांनी दहा-दहा रुपयांत कार्डे विकावयास काढली तर हातकामाचा भाव पडेल आणि नुकसान होईल ते खऱ्या कारागिराचेच. ज्यांना कारागिराचा कळवळा आहे त्यांनी गंजिफांचा एखादा डाव विकत घ्यावा. आजींच्या काठावर चिठ्ठ्या डकवू नयेत.

दुसरा आक्षेप, स्पर्धेने दर्जा वाढतो. वाढत असेल, पण कशाचा? परीक्षक कार्डाची पुढची बाजू पाहतो. घेणारा ते उलटून पाहतो. परीक्षकाला शंभर कार्डांतून एक निवडावयाचे असते. घेणाऱ्याला समोरच्या एका माणसाचे मन राखावयाचे असते. शिवाय अदलाबदलीत दर्जा वाढविणारी एक शक्ती आहे, ती कोणत्याही बक्षिसाहून तिखट आहे. आपण घाईने केलेले कार्ड दुसऱ्याच्या हातात दिसते आणि त्याने दिलेले, तीन रात्री जागून केलेले, आपल्या हातात असते. त्या क्षणी जी लाज वाटते ती पुढच्या वर्षी आपल्याकडून चांगले काम करवून घेते. स्पर्धेत हरलेला परीक्षकाला दोष देतो. येथे दोष द्यावयास दुसरे कोणी नसते.

तिसरा आक्षेप, तयार पिशव्यांमुळे नवखी माणसे येतील. नवख्यांचे स्वागत आम्हीही करतो. पण पिशवीत काय असते ते तरी पाहा. कापून ठेवलेली तीच फुले, छापलेली तीच सुवचने, तीच चकाकती टिकली. चाळीस माणसांनी त्या पिशव्या घेतल्या तर चाळीस कार्डे एका सुरात बोलतील. मग अदलाबदल कशाची करावयाची? दोन सारख्या वस्तूंची अदलाबदल होत नाही, त्यांची नुसती जागा बदलते. नवख्याला पिशवी नको, शेजारी हवा. त्याला कात्री द्या, घरातली रद्दी द्या आणि जाणत्या माणसाच्या शेजारी बसवा. बडोद्याच्या घरात बांधणीची चिंधी निघेल, इंदूरच्या घरात महेश्वरी साडीचा काठ निघेल, हैदराबादच्या घरात कलमकारीचा तुकडा निघेल. ज्या प्रांतात आपण राहतो त्या प्रांताचे कापड आणि त्याच्यावर आपली देवनागरी अक्षरे, हे आपल्या बृहन्महाराष्ट्रीय जीवनाचे याहून खरे चित्र कोणते? ते पिशवीत मिळत नाही.

चौथा आक्षेप पैशाचा आहे आणि तो खोटा नाही. सभागृहाचे भाडे वाढले आहे. दूध, साखर, केशर, सारेच महागले आहे. मग वर्गणी वाढवा. दारात दानपेटी ठेवा. दुधाच्या पेल्याला दाम लावा. आम्ही आनंदाने देऊ. पण तेवढे एक टेबल बाजारापासून मोकळे ठेवा.

येथे आम्हांला स्वतःचाही एक अपराध कबूल केला पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही नऊ कार्डे नेली होती. त्यांतले जे उत्तम साधले होते ते आम्ही पिशवीच्या तळाशी ठेवले. ‘तोलाचे’ काही आल्यावाचून ते द्यावयाचे नाही, असा आमचा बेत. तोलाचे काही आले नाही, म्हणजे आम्हांला दिसले नाही, आणि ते कार्ड आजही आमच्या खणात पडून आहे. बाकीची आठ कोणाकोणाच्या घरी आहेत. त्यांच्याविषयी लोक भेटल्यावर बोलतात. खणातल्या त्या उत्तम कार्डाविषयी कोणी बोलत नाही. किमतीची चिठ्ठी आम्ही लावली नव्हती एवढेच. दुकान आमच्या मनात मांडलेलेच होते. म्हणून हा लेख कार्यकारिणीइतकाच आम्हांलाही उद्देशून आहे.

आमच्या संस्कृतीला हे सारे झ्यूरिकहून शिकण्याची गरज नाही. कोजागिरीच्या पाचच दिवस आधी आपण दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देतो आणि सोने म्हणून घेतो. बाजारात त्या पानांची जुडी चार पैशांना मिळते, हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणतात. तरी कोणी कोणाला भाव विचारीत नाही. ते सोने होते ते देण्याने. या प्रथेशी जोडलेली रघु आणि कौत्स यांची कथा कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात सांगितली आहे. तीत राजा मागितल्याहून अधिक देऊ पाहतो आणि याचक गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटींहून अधिक घेत नाही. नगरजनांना दोघेही अभिनंदनीय वाटतात. मग दोघांत थोर कोण? आमच्या अदलाबदलीच्या टेबलापुढेही हाच प्रश्न उभा राहावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. तेथे परीक्षक बसविला तर तो प्रश्न कोणास पडणारच नाही, कारण उत्तर अगोदरच फलकावर लिहिलेले असेल.

कार्यकारिणीस आमची विनंती स्पष्ट शब्दांत अशी: किमतीच्या चिठ्ठ्या काढून टाकाव्यात, परीक्षकांस पाहुणे म्हणून बोलावून त्यांनाही कार्डे करून आणावयास सांगावे, आणि साहित्याच्या पिशव्यांऐवजी दाराशी रद्दीची एक टोपली, चार कात्र्या व खळीची वाटी ठेवावी. आणि हे सर्व करण्यापूर्वी, एक काम अगत्याने करावे. कार्यकारिणीच्या दोघा सभासदांनी आजींच्या घरी जावे. जाताना रिकाम्या हाती जाऊ नये, विकत घेतलेले काही नेऊ नये. स्वतः केलेले एकेक कार्ड न्यावे. आणि तो मुलगा येत असेल तर त्यालाही बरोबर घ्यावे. त्याच्या खिशातली बस अजून पोचावयाची आहे.