डेटा बंद, फोन चालू

भाजीच्या गाडीवरचा साउंडबॉक्स 'चाळीस रुपये मिळाले' असं खणखणीत आवाजात सांगतो, तेव्हा गाडीवाल्याच्या खिशातल्या फोनवर नेट असेलच असं नाही. साउंडबॉक्सला स्वतःचं सिम असतं, त्यामुळे पैसे आल्याची खबर थेट त्याच्याकडे येते. क्यूआर कोड म्हणजे तर नुसता छापील कागद. गिऱ्हाइकाच्या फोनवर नेट असलं की व्यवहार पुरा होतो.

स्मार्टफोन आहे पण नेटपॅक नाही, अशी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुलाने नवा फोन घेतला की जुना आईकडे येतो, पण त्यातला पॅक काही येत नाही. घरात एकाच्याच फोनवर दिवसाला दीड जीबी, आणि बाकीचे 'जरा हॉटस्पॉट दे' म्हणत त्याच्या मागे. तो कामाला बाहेर पडला की घराचं नेटही त्याच्याबरोबर बाहेर पडतं.

हे का घडतं, ते रिचार्जच्या आकड्यांत दिसतं. जुलै २०२४ मध्ये दर वाढले. जिओचा २८ दिवसांचा, दोन जीबीचा पॅक १५५ वरून १८९ रुपयांवर गेला आणि रोज दीड जीबी देणारा २३९ वरून २९९ वर. ज्याला नुसतं बोलायचं होतं, त्यालाही बहुतेक वेळा डेटासकट पॅक मारावा लागे. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना सांगितलं, फक्त कॉल आणि एसएमएस देणारा निदान एक पॅक ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले, पण सुरुवातीची सूट बघण्यासारखी होती. एअरटेलच्या ५०९ रुपयांच्या, ८४ दिवसांच्या पॅकमधला सहा जीबी डेटा गेला आणि किंमत उतरली ती दहा रुपयांनी. ट्राय किमती तपासणार म्हटल्यावर हाच पॅक ४६९ वर आला. जिओचाही ४५८ वरून ४४८ झाला.

आता ४४८ चा हिशेब मांडून बघावा. दीड जीबीवाला पॅक तीनदा मारला तर ८४ दिवसांचे ८९७ रुपये होतात, म्हणजे व्हॉइस पॅकमध्ये निम्मी बचत. पण दोन जीबीचा छोटा पॅक तीनदा मारला तर ५६७. त्याच्याशी तुलना केली तर महिन्याला वाचतात जेमतेम चाळीस रुपये. शिवाय १८९ रुपये एका वेळी निघतात, ४४८ एकदम काढणं रोजंदारीवरच्या घराला जड जातं. स्वस्त पॅक घ्यायलाही हातात आधी पैसे लागतात, ते असे.

पॅक संपला म्हणून फोन काही मुका होत नाही. जीपीएसला नेट लागत नाही, फोन थेट उपग्रहांचे संकेत वाचतो. आपण कुठे आहोत ते सापडायला फार तर थोडा जास्त वेळ घेतो. गूगल मॅप्सवर जिल्ह्याचा नकाशा वायफायवर उतरवून ठेवला की टेम्पोवाल्याचं काम चालतं. मात्र हा उतरवलेला नकाशा रस्ता गाडीचाच सांगतो. पायवाट, एसटी किंवा पुढचं ट्रॅफिक विचारलं तर हात वर करतो. पैसे पाठवायचे तर *९९# डायल करायची सोय आहे, एका वेळी पाच हजारांपर्यंत. मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, त्यात फोन लावून, आकडे दाबून पैसे जातात. फोनमध्ये एफएम असेल तर वायरचा हेडफोन खोचायचा, ती वायरच अँटेना होते. हल्लीच्या बऱ्याच फोनना हेडफोनचं भोकच नसतं, ही गोष्ट वेगळी.

उतरवून घ्यायला वायफाय मात्र कुठून तरी मिळावं लागतं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेल्वेची कंपनी रेलटेल यांनी फुकट वायफाय सुरू केलं. २०२० मध्ये गूगल त्यातून बाहेर पडलं, पण रेलटेलने ते चालू ठेवलं आणि आज सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर ते आहे. दिवसातला पहिला अर्धा तास फुकट. लॉगिनचा ओटीपी एसएमएसने येतो, म्हणजे व्हॉइस पॅकवाल्यालाही तिथे दार उघडं. केरळात एर्नाकुलम जंक्शनवरच्या एका हमालाने याच वायफायवर अभ्यास केला. डोक्यावर सामान आणि कानात इअरफोन लावून तो धडे ऐकत असे. २०१८ मध्ये तो राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाल्याची बातमी देशभर गाजली.

सरकारी कामांत मात्र दोन तऱ्हा दिसतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो. तिथे रेंज नसेल तर नोंद फोनमध्येच थांबते आणि गावात आल्यावर अपलोड करता येते. ज्याने ही सोय केली, त्याने शिवारातली रेंज पाहिलेली असणार. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली ती वेबसाइटवर. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. ओटीपी एसएमएसने बिननेटच्या फोनवरही येतो, पण तो टाकायचा रकाना नेटशिवाय उघडत नाही. साइटवर गर्दी झाली की रकाना उघडेपर्यंत ओटीपीची मुदत टळते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शेवटी अनेक बायकांनी गावातलं सेवा केंद्र गाठलं. जायचं-यायचं भाडं आणि केंद्रवाल्याचे पैसे धरले, तर व्हॉइस पॅकवर महिन्याला वाचणारे चाळीस रुपये अशा एका फेरीलाही पुरत नाहीत.