रक्तातले दार

१४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात दात्यांची वही भरण्याचे काम दरवर्षी आमच्याकडे येते. कारकुनाला दुसरे काम कोण देणार! एकदा रकान्यात 'बी पॉझिटिव्ह' लिहीत असताना एका मावशींनी विचारले, "भाऊ, रक्ताच्या जाती एवढ्याच का हो?" 'जाती' ऐकून आम्ही हसलो, पण उत्तर देता आले नाही. ते आज देत आहोत.

वाचकहो, ए, बी, ओ आणि आरएच हे ओळखीचे. अशा रक्तगट पद्धती आज चाळीसहून अधिक माहीत आहेत. त्यातली एक 'डफी'. १९५० साली इंग्लंडमध्ये डफी आडनावाच्या रुग्णामुळे तिचा शोध लागला. पुढे असे दिसले की, पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर हा डफी पदार्थ नसतोच.

आपल्याकडे दिवसाआड थंडी वाजून येणाऱ्या हिवतापामागे पुष्कळदा 'व्हायव्हॅक्स' नावाचा जंतू असतो. तो तांबड्या पेशीत शिरतो तो या डफीच्या दारातून. दारच नाही, तर शिरणार कुठून? अमेरिकेतील डॉ. लुई मिलर व सहकाऱ्यांनी १९७६ साली हे दाखवले. १९९५ मध्ये कारणही सापडले. जनुकाच्या आधी त्याचे जणू बटण असते, त्यातले एकच अक्षर बदललेले. म्हणून तांबड्या पेशीत डफी बनत नाही, शरीरात इतरत्र मात्र बनतो. आमच्या खतावणीत एक आकडा चुकला तर साहेब दिवसभर ओरडतात. इथे एका अक्षराच्या चुकीने पिढ्यान् पिढ्या राखल्या!

पण याला 'आफ्रिकी रक्त' असा शिक्का मारणे आम्हाला मान्य नाही. इथिओपियात डफी असलेले लोक पुष्कळ आहेत आणि तिथे व्हायव्हॅक्सही आहे. केनियाच्या किलिफी भागात 'डान्टू' हा निराळाच गट आढळतो. त्यात पेशीचे आवरण ताठ असते, त्यामुळे फाल्सिपेरम या जीवघेण्या हिवतापाच्या जंतूला आत घुसणे जड जाते. जंतूही गप्प बसलेला नाही. डफी नसलेल्यांनाही व्हायव्हॅक्स झाल्याचे २०१० साली मादागास्करमध्ये दिसून आले.

आता आपल्या घरची गोष्ट. सिकलसेल विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना नवा नाही. ज्याला वारंवार रक्त लागते, त्याचे ए-बी-ओ जुळले तरी हे बारीक गट न जुळल्यास शरीर विरोधी द्रव्ये तयार करू शकते, आणि मग पुढची बाटली मिळणे कठीण होते. ब्रिटनमध्ये म्हणूनच आफ्रिकी वंशाच्या दात्यांना आवर्जून बोलावतात. अमेरिकेत मात्र १९५० पर्यंत रेडक्रॉस काळ्या-गोऱ्यांचे रक्त वेगळे ठेवी. त्याला वैद्यकाचा आधार नव्हता, निव्वळ वर्णद्वेष होता. आजची जुळणी रुग्णाच्या जिवासाठी आहे, हा फरक ध्यानात घ्यावा.

घरात सिकलसेलचे लेकरू असेल तर आजवर कधी, कुठे, किती बाटल्या रक्त चढले ते एका वहीत लिहून ठेवा. नव्या दवाखान्यात जाताना ती वही आणि जुने कागद सोबत न्या. बारीक गट तपासता येतील का, हेही डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजू नका. मावशी कुठे लाजल्या?