कमिशनच्या टक्क्याआधी करारनामा पाहा

ट्रॅक मेंटेनर, फिटर, बुकिंग क्लार्क यांची मुलेमुली, तसेच निवृत्तीनंतर घरी बसवत नाही असे आपले काही सहकारी हल्ली इस्टेट एजंटच्या धंद्याकडे वळू लागले आहेत. कल्याण-बदलापूर असो, पनवेल असो की भुसावळ-नागपूर, जिथे इमारती उठतात तिथे एजंट लागतातच. या कामाला नाक मुरडण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. उन्हातान्हात ग्राहकाला दहा जागा दाखवणे हेही कष्टच आहेत. मात्र या धंद्यात पहिले पाऊल कोणत्या पेढीत टाकायचे, याचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि घात तिथेच होतो.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, कमिशन म्हणजे पगार नव्हे. पेढीत टेबल मिळाले, गळ्यात ओळखपत्र आले, सकाळी दहाला हजेरी लागू लागली, म्हणून कोणी नोकरदार होत नाही. निव्वळ कमिशनवर काम करणाऱ्याला बहुतेक पेढ्या भविष्यनिर्वाह निधी देत नाहीत, ग्रॅच्युइटी देत नाहीत, भरपगारी रजाही देत नाहीत. सौदा झाला तर पैसा, नाही तर महिना कोरडा. बांधलेला पगार आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच पहिल्या भेटीत विचारावा. त्यात लाज कसली?

दुसरी गोष्ट कायद्याची. स्थावर संपदा कायदा 2016 साली आला आणि 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम 9 प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या एजंटला राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, आणि प्रत्येक सौद्यात तो नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. नोंदणी न झालेल्या प्रकल्पाची विक्री करून देण्यास कलम 10 मनाई करते. हे नियम मोडणाऱ्या एजंटला दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि तो साचत साचत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्रात 2023 सालच्या आदेशाने एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास होणेही सक्तीचे झाले. नोंदणी राज्यापुरतीच असते. इटारसी किंवा हुबळीत राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांनी तेथील प्राधिकरणाचे नियम पाहावेत, महाराष्ट्राचे नव्हे.

याचा अर्थ सरळ आहे. जी पेढी आपला नोंदणी क्रमांक दाखवायला कां-कूं करते, तिच्या दारातूनच मागे फिरावे. क्रमांक दाखवला तरी तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा.

आता टक्क्याचे बोलू. नवख्या माणसाला आकडा दाखवून भुलवणे सोपे असते. एक पेढी म्हणते, दलालीचा निम्मा वाटा तुझा. दुसरी म्हणते, सत्तर टक्के तुझे. ऐकणारा सत्तरकडे धावतो. पण हिशेब कागदावर मांडून पाहा. साठ लाखांच्या घरावर दोन टक्के दलाली म्हणजे एक लाख वीस हजार. निम्मा वाटा साठ हजार. चार महिन्यांत असा एकच सौदा झाला आणि पेढीने टेबलाचे महिना पाच हजार कापले, तर हाती राहिले चाळीस हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार. त्यातून फोन, पेट्रोल आणि चहापाणी. उगमातून कापलेला कर वेगळाच. 1 ऑक्टोबर 2024 पासून त्याचा दर दोन टक्के आहे. सत्तर टक्के देणारी पेढी जर ग्राहक देत नसेल, जाहिरातीचा खर्च एजंटच्या माथी मारत असेल आणि काम शिकवत नसेल, तर तिच्या सत्तरपेक्षा शिकवणाऱ्या पेढीचे पन्नास बरे. निदान पहिल्या वर्षी तरी शिकणे हीच खरी कमाई आहे.

पेढीत शिरण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात, असा आमचा आग्रह आहे. माझा वाटा किती आणि तो कोणत्या रकमेवर? पैसे कधी मिळणार, टोकन आल्यावर, करारनामा नोंदल्यावर की बिल्डरने पेढीला दिल्यावर? ग्राहकाने बुकिंग रद्द केले तर दिलेले कमिशन परत घेणार काय? मी आणलेला ग्राहक वहीत कोणाच्या नावावर लागणार? आणि सर्वांत महत्त्वाचे, मी पेढी सोडली तर अर्धवट राहिलेल्या सौद्यांचे माझे पैसे मिळणार की बुडणार? तोंडी शब्दावर विसंबून राहिलेल्या माणसाला पुढे दाद मागायला कागदच उरत नाही. शिवाय त्याच पेढीतल्या दोन-तीन एजंटांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठावे. पैसे वेळेवर मिळतात का, एवढेच विचारावे. मालकाच्या केबिनमध्ये कळत नाही ते तिथे कळते.

प्रशिक्षणाच्या किंवा अनामतीच्या नावाखाली आधीच मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून निवृत्त सहकाऱ्यांनी विशेष सावध राहावे. ग्रॅच्युइटीचा पैसा पुन्हा मिळत नसतो.

सेवेत असलेल्या बंधू-भगिनींसाठी शेवटची सूचना. रेल्वे सेवा (आचरण) नियम 1966 मधील नियम 15 प्रमाणे परवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. कुटुंबातील कोणी कमिशन एजन्सी चालवत असेल तर ते प्रशासनाला कळवावे लागते, आणि त्या एजन्सीसाठी आपण गिऱ्हाईक गोळा करणे हाही नियमभंग ठरतो. मुलाच्या धंद्याची कार्डे ड्यूटीवर वाटणे म्हणजे स्वतःवर चार्जशीट ओढवून घेणे होय. मुलाला मदत करायचीच असेल तर त्याच्या शेजारी बसून करारनामा ओळीनओळ वाचा. न समजलेल्या ओळीखाली त्याला सही करू देऊ नका.